निळेबाबांचं पिंप

जेटीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. खाडीत मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर काम करणारे सगळे आले होते, त्यांच्या बायका आल्या होत्या, कडेवरची पोरं आली होती, आणि ज्यांचा माशाशी संबंध फक्त ताटात येतो तेही आले होते. मधोमध एक प्लास्टिकचं पिंप आणि पिंपामागे निळेबाबा. निळी लुंगी, निळा सदरा, कपाळावर निळा पट्टा. समुद्राचा माणूस म्हणून निळा, म्हणे. मग मीठवाला पांढरा रंग फासून का फिरत नाही, असं मी शेजारणीला विचारलं, तर तिने मला कोपराने ढोसलं.

"हा मासा आजारी आहे का?" बाबा गरजले. हातातल्या जाळीत दीड किलोचा जिताडा तडफडत होता.

"आहे, बाबा!"

"साफ चूक! आजार असता तर सापडला असता. तुमच्या त्या संशोधन केंद्राला सापडला का?"

"नाही, बाबा!"

चार-पाच माना माझ्याकडे वळल्या. मी समोर बघत राहिले.

"सापडेल कसा? हा शाप आहे, शाप! काचेतून बघायची वस्तू आहे का ती? थांबा, मी काढतो बाहेर."

बाबांनी पिंपावर हात फिरवला. पिंपात होतं ते बर्फाच्या कारखान्यातलं पाणी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बर्फवाल्यानेच टँकरने आणून ओतलं होतं. पण बाबांनी ते मंतरलं होतं ना! "खळंखळं तळंतळं, सुट् सुट् सुट्" असलं काहीतरी पुटपुटत त्यांनी मासा पिंपात सोडला. एक मिनिट गेलं, दोन गेली, बाबांची सुटसुट चालूच. आणि मग त्या माशाच्या काळपट अंगावर पांढरे ठिपके उमटायला लागले. आधी डोळ्याभोवती, मग पाठीवर, मग सगळीकडे. तिळाएवढे. बघता बघता ते सुटून पाण्यात पडायला लागले. पाचव्या मिनिटाला पिंपाच्या तळाशी पांढरा थर होता आणि मासा असा सळसळत फिरत होता की बघत राहावं.

बायांनी हात जोडले. एक म्हातारा चक्क रडायला लागला. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? मी थर बघायला पुढे झाले, तर बाबांच्या चेल्याने पिंप लाथेने समुद्रात पालथं केलं. "शापाला बाईमाणसानं हात लावायचा नाही." पुरुषमाणसाने लावलेला चालतो का, असं विचारायचं जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात बाबांनी खरं काय ते काढलं.

"शाप उतरतो, पण पुन्हा चढतो. का चढतो? मागच्या खेपेला सगळ्या पिंजऱ्यांचा शाप उतरवून दिला की नाही? दहा दिवस मासे कसे खात होते? आणि आता पुन्हा मरायला लागले! कारण समुद्र रागावलाय! त्याच्या सतरा आया तुम्ही सिमेंटच्या टाकीत कोंडल्या आहेत. आयांना कोंडायचं आणि लेकरं विकायची? उद्या दुपारच्या ओहोटीला त्या सतराही जणी मी माझ्या होडीतून खोल दर्यात सोडून येणार. आणि मागच्या खेपेपासून सांगतोय तेच, सोडेपर्यंत एकही जाळं पाण्याबाहेर काढायचं नाही. जाळं म्हणजे समुद्राचं वस्त्र. ते फेडायचं नाही!"

"नाही फेडणार, बाबा!"

त्या सतरा आया माझ्या ताब्यात होत्या.

आता मी कोण ते सांगते. समुद्री मत्स्य संशोधन केंद्र असा मोठा फलक लावलेल्या तीन खोल्या आणि चार टाक्या, त्याची मी प्रयोगशाळा सहायक. एकवीस वर्षं झाली. साहेबांची बदली होऊन चौदा महिने झाले, नवे साहेब आलेले नाहीत. केंद्राच्या होडीचं इंजिन बंद, त्याच्या दुरुस्तीचा अर्ज कुठल्या टेबलावर झोपलाय देव जाणे. थोडक्यात, केंद्र म्हणजे मी. जिताडा जन्मतो नर. सहा-सात वर्षं जगला, वाढला, की त्याची मादी होते. म्हणजे अंडी देणारी मादी हवी असेल तर तेवढी वर्षं एक मासा सांभाळावा लागतो. घाई करून उपयोग नाही. त्या सतरा माद्या मी बोटाएवढ्या असल्यापासून हाताने चारून वाढवल्या. खाडीतल्या बेचाळीस पिंजऱ्यांमधला प्रत्येक मासा ह्यांच्याच पोटचा. त्या गेल्या की पुढची सात वर्षं इथे पिलू नाही, आणि पिलू नाही तर पिंजऱ्यात काय पाणी पाळणार?

आणि रोग तर खराच होता. दोन महिने मासे जाळ्याला अंग घासत होते, डोळे पांढरे पडत होते, अंगावर जखमा होत होत्या आणि सकाळी पोट वर करून तरंगत होते. लोक मासे घेऊन माझ्याकडे यायचे. मी खवले खरवडून, कल्ले कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मला पक्का संशय होता की किडा आहे. पण एक किडा दिसेल तर शपथ. तुकडे शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले, तिथूनही उत्तर कोरं. अकरा वेळा मी कागदावर लिहून दिलं, "रोग आढळला नाही", आणि खाली केंद्राचा शिक्का मारला. त्यातलाच एक कागद बाबा आता खिशात घेऊन फिरत होते.

जेटीवरचा तमाशा संपला आणि दुपारी दादा केंद्रात आला. माझा सख्खा मोठा भाऊ. पूर्वी ट्रॉलरवर होता. दोर गुंडाळायच्या यंत्रात उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हापासून त्याला कुणी बोटीवर घेत नाही. हा एक पिंजराच त्याचं सगळं. नऊशे मासे सोडले होते, त्यातले दोनशेच्या आसपास राहिले होते.

"चिमणे, टाकीच्या खोलीची किल्ली दे."

"दादा, तूसुद्धा?"

"मीसुद्धा काय? तुझं शास्त्र म्हणतं रोग नाही. मग मरतात कशाने, सांग ना! हौस म्हणून मरतात?"

मी किल्ली मुठीत घट्ट धरली.

"बाबांनी निदान दहा दिवस तरी जगवले," तो म्हणाला. "तू काय केलंस? कागद दिलास."

"माद्या नाही देणार."

"मग उद्या अकराला कुलूप तोडू. मी स्वतः तोडीन." त्याने तो दोन बोटांचा हात माझ्यापुढे धरला. "हे बघ चिमणे, ह्या हाताला दुसरं काम कोण देतं? सांग तू, मी आत्ता जातो तिथे."

मला वाटलं किल्ली द्यावी आणि मोकळं व्हावं. खरंच वाटलं. माद्यांच्या बदल्यात भावाला एक रात्र तरी झोप लागली असती.

तो पाय आपटत गेला आणि पाठोपाठ वहिनी दारात. हातात बादली, बादलीत मासा. "वन्सं, शेवटचं एकदा बघता का? आत्ताच गेलाय, ताजा आहे. ह्यांना सांगू नका मी आल्याचं."

मी बादली टेबलाखाली ठेवली आणि मासा उचलला. तोच नेहमीचा: डोळे पांढरे, अंगावर जखमा, बाकी स्वच्छ. मी सुस्कारा टाकला आणि बादलीतलं पाणी ओतायला मोरीपाशी नेलं. खिडकीतून ऊन थेट बादलीत पडलं होतं. तळाशी पांढरे तीळ होते.

मी बादली उजेडात तिरकी केली.

"वहिनी, हे पाणी कुठलं?"

"कुठलं म्हणजे? जेटीवरच्या नळाचं. धुवून आणला मासा."

"आजच धुतलास की..."

"नेहमीच! सगळेच धुतात. चिकट, वास मारणारा मासा तुमच्या टेबलावर कसा ठेवायचा? तिथे साहेबलोक येतात, काचेची भांडी असतात. नळाखाली धुवायचा, नळाच्या पाण्यात बुडवून आणायचा, आणि पाणी बाहेर गटारात ओतून मगच आत यायचं. पहिल्या दिवसापासून तसंच करतो आम्ही. आज तुम्ही रागात असाल म्हणून मी तशीच आत आले." तिने घाबरून माझ्याकडे बघितलं. "का हो? चुकलं का काही?"

एक तीळ काचेवर घेतला आणि बघितला. चपटा किडा. पुढे चिकटायला दोन गाद्या, मागे आकडे असलेली वाटी. समुद्राच्या पाण्यात हा काचेसारखा पारदर्शक असतो. माशाच्या अंगावर दहा बसलेले असले तरी डोळ्याला दिसत नाहीत. पण तो खाऱ्या पाण्यातला जीव. गोड्या पाण्यात गेला की फुगतो, दुधासारखा पांढरा होतो, पकड सुटते आणि गळून पडतो. जिताड्याला मात्र गोडं पाणी सोसतं. एवढाच तो मंत्र.

आणि माझ्याकडे आलेला प्रत्येक मासा आधीच "मंतरून" आला होता! कुणी लबाडी केली नव्हती. माणसांनी माझा मान राखला होता. अकरा वेळा रोग माझ्या दारातल्या गटारात ओतला गेला, आणि मी एकदाही विचारलं नाही की बाबांनो, मासा पिंजऱ्यातून इथवर आणता कसा? शिक्का मारायची घाई! मी तिथेच स्टुलावर बसून रडले. वहिनी बिचारी माझी पाठ थोपटत म्हणत होती, "नका हो रडू, पुढच्या वेळी नाही धुणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने पिंजऱ्याच्या जाळ्याचा वीतभर तुकडा पदराखाली आणून दिला. समुद्राचं वस्त्र कापलंस की ग, म्हटलं, तर म्हणाली, "समुद्राला ठिगळ लावून देईन मी." काचेखाली तुकडा धरला तर धाग्याधाग्यात किड्याची अंडी, लांब शेपट्या गुंतवून चिकटलेली. मासे धुतले की किडे पडतात, पण अंडी जाळ्यावर शाबूत. आठवड्यात ती फुटतात, पिलं पुन्हा माशावर चढतात. शाप "पुन्हा चढतो" तो असा. आणि बाबांचा हुकूम काय, तर जाळी काढायची नाहीत.

अकरा वाजता लोक केंद्राकडे निघायच्या आत मीच जेटीवर गेले. माझ्या एका हातात बादली, वहिनीच्या एका हातात बादली. दोन्ही बादल्या सारख्याच. दादा हातात पहार घेऊन उभा होता. त्याने बायकोला माझ्याबरोबर बघितलं आणि त्याचा चेहरा काळवंडला.

"किल्ली आणली का?" बाबांनी विचारलं.

"आणली," मी किल्ली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "एवढं एक करा, बाबा. मी पापी बाई, माझा विश्वास कमी पडतो. माझ्या डोळ्यांसमोर ह्या एका बादलीवर मंत्र घाला. शाप उतरला की किल्ली तुमची."

नाही कसं म्हणतील? दीडशे माणसं बघत होती. बाबांनी वहिनीच्या बादलीवर हात फिरवला, खळंखळं तळंतळं केलं, डोळे पांढरे केले, वर फुंकरही मारली. दादाच्याच पिंजऱ्यातले दोन मासे काढले. एक मंतरलेल्या बादलीत, एक माझ्या, बिनमंत्राच्या.

पाच मिनिटं सगळे वाकून बघत राहिले. माझ्या डोक्यात मात्र किल्ली गेली तर काय, हा एकच विचार.

मंतरलेल्या बादलीत काही म्हणजे काही झालं नाही. बाबांनी सुटसुट वाढवली. गळ्याच्या शिरा फुगल्या. मासा आपला काळाच. आणि माझ्या बादलीत पांढरे तीळ बदाबदा पडत होते.

"अगो बाई! हिच्यात पडला शाप!" कुणीतरी ओरडलं.

जाळी विणणारी म्हातारी मावशी पुढे आली. तिने काही न विचारता वहिनीच्या बादलीत बोट बुडवलं आणि चाटलं. "हे खारं." मग माझ्या बादलीत. "हे गोडं. नळाचं आहे मेलं!"

"ह्या बाईच्या संशयानं मंत्र आटला!" बाबा किंचाळले. "नास्तिकाच्या सावलीत समुद्र बोलत नाही!"

आणि काय सांगू, अर्धी गर्दी हलली! "बरोबर आहे," "हिलाच बाजूला काढा," असे आवाज यायला लागले. डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा माणूस नाकारतो, कारण ते मानलं तर दोन महिन्यांची आशा मोडते. दादा माझ्याकडे सरकला आणि त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

तेवढ्यात बर्फवाला डोकं खाजवत म्हणाला, "बाबा, एक विचारू का? काल तुमच्या होडीत मी ऑक्सिजनची दोन सिलिंडरं चढवून दिली. मासे समुद्रात सोडायचे असतील, तर ऑक्सिजन कशाला?"

बाबांची सुटसुट थांबली.

दादाचा हात तसाच हवेत राहिला. मग तो वळला, होडीत उतरला, आणि निळी ताडपत्री त्याने दोन बोटांनी ओढून फेकली. खाली नवीकोरी टाकी होती. त्यात पाणी, हवेच्या नळ्या, वर झाकण, आणि सगळं कसं नीट बसवलेलं. सतरा आया मावतील एवढी. अंडी देणारी तयार मादी मिळत असेल तर पिलं काढणारे लोक ती हव्या त्या भावाने डोळे झाकून विकत घेतात. हा गृहस्थ पूर्वी कुठल्यातरी मत्स्यपालन केंद्रात टाक्या धुवायला होता, हे नंतर पोलीस चौकीत त्यानेच सांगितलं. गोड्या पाण्याची ही गोष्ट तो तिथे शिकला. तीच वापरून आम्ही लोकांना वाचवायचं असतं, त्याने ती लुटायला वापरली.

लोकांनी त्याला धरलं. मारायला हात उठले, पण मावशी मधे पडली म्हणून निभावलं. मग हळूहळू सगळे माझ्याकडे वळले, आणि मी ज्याला भीत होते ते आलं. दादाच बोलला.

"म्हणजे किडा होता. पहिल्या दिवसापासून."

"होता."

"आणि तू लिहिलंस नाही म्हणून."

"लिहिलं. मासे धुतलेले होते, दादा. किडे आधीच पडून जात होते. मी विचारायला हवं होतं. चूक माझी."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "आम्ही तर तुमच्यासाठी धुत होतो," एक जण अगदी हळू म्हणाली. तेवढं ऐकून मला तोंड लपवावंसं वाटलं. पण रडायला वेळ नव्हता. मी ओरडून सांगितलं, होड्या काढा, त्यांत ताडपत्र्या अंथरून हौद करा, बर्फवाल्याचे टँकर लावा. प्रत्येक पिंजऱ्यातले मासे दहा मिनिटं गोड्या पाण्यात, मी घड्याळ लावून उभी राहते. मासे परत जातील ते कोऱ्या जाळ्यात. जुनी जाळी वर काढून कडक उन्हात खडखडीत वाळवायची. समुद्रातच झटकून परत टाकायची नाहीत, पूर्वी तसं करूनच अंडी पसरली. आणि दहा दिवसांनी हे सगळं पुन्हा करायचं, माशांची कुणाला दया आली तरी.

पहिल्यांदा दादाचा पिंजरा घेतला. एकशे चौर्‍याऐंशी मासे निघाले. पांढरे तीळ मुठीमुठीने पडले. पण मासे फार खंगलेले होते. जाळीत उचलतानाच काही दादाच्या हातातच मेले. तो प्रत्येकाला पाण्यात धरून पुढेमागे हलवत होता, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून, आणि विचारत होता, "हा जगेल ना? चिमणे, हा तरी जगेल ना?" मी म्हणत होते, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी चाळीस राहिले. आठवड्याने एकही नाही. बाबांनी जाळी काढू दिली नव्हती ते पंधरा दिवस, आणि माझ्या अकरा कागदांचे दोन महिने, एवढं ते मासे सोसू शकले नाहीत.

बाकी पिंजऱ्यांपैकी एकवीस वाचले. माद्या आहेत, या हंगामात अंडी देतील. दादाला पहिली पिलं देणार, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि जाळं वाळत घालायला गेला. तो माझ्याशी आता कामापुरतं बोलतो. त्याला दोष देववत नाही.

तुम्ही म्हणाल, बाबा पकडला गेला, मग गोष्ट गोड झाली की. नाही झाली. बाबाला जागा झाली ती माझ्या कागदामुळे. जिथे उत्तर नसतं तिथे असली माणसं पाय पसरतात. म्हणून हात जोडून सांगते: कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या नंतर वाजवा, आधी तीच गोष्ट मंत्राशिवाय करून बघा. आणि कुणी शिक्क्याचा कागद दिला, तर त्याच्याही पाया पडू नका. त्याला विचारा, तू नेमकं काय बघितलंस? कधी, कसं, कुठल्या पाण्यातून आलेलं? समोरच्याला राग आला तर येऊ दे. मला हे पहिल्याच कागदाच्या वेळी कुणी विचारलं असतं, तर मी नक्की चिडले असते, आणि माझ्या भावाचे नऊशे मासे जिवंत असते.